रतिलालची फांदी

"झाड पाणी मुळानं पीत नाही, डोक्यानं पितं," मगन एकदा दाढी करता करता एका गिऱ्हाइकाला म्हणाला. गिऱ्हाइकाला हसू आलं आणि त्याच्या गालाला वस्तरा लागला.

तुरटी लावताना मगनने त्याला पुढचं सगळं समजावून सांगितलं. गिऱ्हाइकाने पटल्यासारखी मान हलवली, कारण वस्तरा अजून मगनच्याच हातात होता. सोनगीरला मगनच्या पुष्कळ गोष्टी लोकांना अशाच पटल्या होत्या.

हमरस्त्याला लागून त्याचं दुकान आहे. पाटीवर 'सारिका जेंट्स पार्लर' असं लिहिलेलं आहे. सारिका ही त्याची एकुलती एक मुलगी. शाळेत पोरं तिला विचारायची, "काय गं, आज कितीला दाढी?" ती घरी येऊन रडली, तेव्हा मगन म्हणाला होता, "माझ्याकडं दुसरं कुणाचं नाव होतं का लिहायला?" बापाच्या बोलण्यावर काही सुचत नाही, हे तिला फार लवकर कळलं.

झाडांचा नाद त्याला लागला तो शेळीमुळे. मागच्या एका दुष्काळात दुकानामागच्या लिंबोणीवर शेजाऱ्याची शेळी सुटली आणि तिने झाडाचा पाला ओरबाडून सगळं झाड बोडकं केलं. मगनने शेळीच्या मालकाशी भांडण केलं, दोन महिने त्याची दाढी केली नाही. शेजारी एक पेरूचं झाड होतं. त्याला कुंपण होतं, रोज घागरभर पाणी होतं. पाऊस पडला तेव्हा पेरू उभ्या उभ्या वाळून गेला होता आणि शेळीने खाल्लेली लिंबोणी फुटली होती. मगन त्या दिवशी स्वतः शेळीवाल्याच्या घरी गेला आणि त्याची दाढी फुकट करून आला.

का, हे त्याला धुळ्याच्या एका मास्तरांनी सांगितलं, तेही तोंडाला फेस असताना. म्हणजे मास्तर अर्धं बोलले आणि उरलेलं मगनने लावलं. पुढे तो ते पाण्याच्या फवाऱ्यावर करून दाखवू लागला. केस ओले करायची बाटली हातात घ्यायची. आत एक बारीक नळी असते. तळाशी पाणी आहे तोवर दाबलं की वर येतं. पाणी खाली गेलं की नळी हवा ओढते, फुस फुस करते. मग बाटली पुन्हा भरा, तरी ती लगेच पाणी देत नाही, नळीत हवा अडकलेली असते. झाडाच्या अंगात अशा हजारो नळ्या. वर पानं ओढत असतात, खाली माती कोरडी. ओढता ओढता पाण्याचा धागा तुटतो आणि नळीत हवा शिरते. ती फांदी मग गेली. वर ओढणारी तोंडं कमी केली, तर धागा टिकतो. म्हणून डोकं भादरायचं.

मगनकडे मग करवत आली, शिडी आली. कापलेल्या जागी शेणमातीचा लेप आणि उघड्या खोडाला चुना. "दाढीनंतर पावडर," तो म्हणायचा. त्याच्या हातून वाचलेली झाडं गावात आहेत आणि मेलेलीही आहेत. वाचलेली तो बोटाने दाखवतो. मेलेल्यांबद्दल एवढंच म्हणतो, "उशिरा बोलावलं."

सारिकाचं लग्न पारोळ्याला झालं तेव्हा तिने बापाला बजावून ठेवलं होतं, "नाना, तिथं झाडांकडं बघायचं नाही." मगनने ते पाळलं. फक्त नवऱ्या मुलाच्या मिशीबद्दल दोन शब्द बोलला.

सासू पुष्पाबाई मोजकं बोलणारी. मगन तासभर बोलायचा आणि ती शेवटी एक वाक्य टाकायची. ते वाक्य मगन सोनगीरपर्यंत चघळत जायचा. घरामागे अंगण होतं आणि अंगणात आंबा होता. सासरे रतिलाल यांनी तो कोय पुरून वाढवला होता. रतिलाल वारले त्याला दोन हिवाळे झाले होते. ओसरीच्या खुंटीवर त्यांची टोपी अजून होती. झाडताना पुष्पाबाई ती काढायची, झटकायची आणि परत अडकवायची.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या वारलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य देतात. तोवर घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. रतिलालच्या पहिल्या आखाजीला त्यांच्या आंब्याने एकही फळ धरलं नव्हतं. पुष्पाबाईला बाजारातून आणलेल्या आंब्याचा रस त्यांच्यापुढे ठेवावा लागला होता. दिवसभर तिने स्वतः रसाला हात लावला नाही, हे सारिकाने पाहिलं होतं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. दिवाळीला विहिरीचा तळ दिसला. गल्लीत टँकर सुरू झाला. आणि अशा त्या वर्षी आंब्याला मोहर आला, तो असा की पान दिसेना. मोहर गळलाही नाही. कैऱ्यांचे घोस लागले, फांद्या वाकल्या. गल्लीतल्या बाया बघायला यायच्या. पुष्पाबाई चारचौघींसमोर पहिल्यांदाच हसताना दिसली. "यंदा त्यांच्या घागरीला घरचा रस," ती म्हणायची. भांडी विसळलेलं पाणी ती खोडाशी ओतायची आणि वर बघायची.

चैत्रात मगन लेकीला भेटायला आला. आल्या आल्या त्याने जावयाला, योगेंद्रला, अंगणात खुर्चीवर बसवलं आणि गळ्याभोवती कापड गुंडाळलं. कात्री चालू असताना त्याची नजर वर गेली. कात्री थांबली. सारिका चहा घेऊन येत होती, तिने ते बघितलं आणि पावलं झपझप टाकली.

विहिणीशी मगन एरवी पुस्तकी मराठी बोलायचा. झाडाचा विषय निघाला की त्याची जीभ घरच्या खानदेशी वळणावर जायची.

"विहीणबाई," तो म्हणाला, "हाई झाड निंघनं."

"कथा?" कुठे निघालं, असं पुष्पाबाईने विचारलं.

"ज्यासनाकरता आंबा राखी ऱ्हायनात, त्यासनाकडे." मगनने ओसरीवरच्या टोपीकडे कात्री दाखवली.

योगेंद्र अर्ध्या कापलेल्या डोक्याने तसाच बसून राहिला. पुष्पाबाईने पदर खोचला.

"एवढा बार आलाय, आणि झाड मरतंय म्हणता?"

"मरतंय म्हणूनच आलाय. तहानलेलं झाड शेवटी सगळं फळात घालतं. शेंडे बघा. टोकं वाळलीत." मगनने फवारा उचलला, बाटलीतलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकलं आणि रिकाम्या बाटलीचा फुस फुस आवाज सगळ्यांना ऐकवला. "आत असं चाललंय. बठ्ठा आंबा उतारी टाका, सगळाच्या सगळा, आन डोकं भादरी टाका. तरच ऱ्हाईन."

"व्याहीबुवा, तुम्हाला डोकं दिसलं की हात शिवशिवतात. माझ्या दारातलं झाड म्हणजे तुमच्या दुकानातलं गिऱ्हाईक नाही."

"गिऱ्हाईक असतं तर निदान गप्प बसलं असतं."

"तुमच्यापुढं कोण बोलणार? वस्तरा असतो हातात."

योगेंद्र हसला, सारिकाने त्याच्याकडे बघितलं, त्याने गळ्याभोवतीचं कापड सारखं केलं. तिला हसू येत नव्हतं. बापाने झाड कापलं आणि ते मेलं, तर या घरात तिला ते जन्मभर ऐकावं लागणार होतं. कापलं नाही आणि मेलं, तर बाप जन्मभर ऐकवणार होता. शिवाय आखाजीला रस नाही म्हणजे सासूचं तोंड पुन्हा तसं होणार, हे वेगळंच. एका झाडाखाली ती दोघांची उन्हं झेलत उभी होती.

"नाना, उरलेले केस कापा आधी," ती म्हणाली.

मगनने जावयाचं डोकं पुरं केलं. पण तोंड चालूच होतं. "एक सांगतो विहीणबाई. जिवंत फांदी पान टाकते. पाणी नाही म्हटल्यावर ती म्हणते, जा बाबा. मेलेल्या फांदीला टाकणंही होत नाही. वाळलेलं पान धरून बसते. ओढून बघा पाहिजे तर."

पुष्पाबाई घरात निघून गेली. जेवणं झाली, मगनने ओसरीवर अंग टाकलं आणि घोरायला लागला. सारिका चुलीपाशी आवरत होती. मागच्या दारातून तिला दिसलं, भर उन्हात सासू आंब्याखाली उभी आहे. वरच्या बाजूची एक वाळकी डहाळी तिने काठीने खाली ओढली होती. ती पान ओढत होती. पान तुटत होतं, चुरत होतं, पण देठ फांदीला सोडत नव्हता. तिने दुसरं ओढून बघितलं. मग काठी सोडली. डहाळी वर गेली आणि कागदासारखी वाजली.

ती ओसरीवर आली, खुंटीखाली उभी राहिली आणि झोपलेल्या व्याह्याला म्हणाली, "एक फांदी ठेवायची. त्यांच्यापुरती."

मगन डोळे मिटूनच म्हणाला, "फांदी ठेवली तर तीच सगळ्यांचं पाणी ओढेल, आणि..."

"एक ठेवायची," पुष्पाबाई म्हणाली.

ऊन उतरल्यावर मगन सदरा काढून झाडावर चढला. गल्ली गोळा झाली. एकीने खालून सुचवलं, "मिशी तरी ठेवा हो." मगन वरून म्हणाला, "मिशी मी माझ्या जावयालाही ठेवू दिली नव्हती." कैऱ्या आधी उतरवल्या. टोपल्या भरभरून त्या गल्लीत गेल्या आणि आठवडाभर सगळ्या आळीला लोणच्याच्या फोडणीचा वास येत राहिला. मग करवत चालली. फांद्या पडत होत्या. प्रत्येक फांदीबरोबर अंगणात नवं ऊन पडत होतं, जिथे कधी पडलं नव्हतं तिथे. शेवटी जाड खुंट उरले आणि ओसरीकडची एक फांदी, पानाफळांसकट. मगनने लेप लावला, चुना दिला. झाड जावळ काढलेल्या पोरासारखं दिसत होतं, आणि एका बाजूला तेवढी शेंडी.

पुष्पाबाईने तोंडाला पदर लावला. सारिकाला वाटलं, रडते आहे. जवळ गेली तर सासू हसत होती. "मेल्यानं काय केलं गं माझ्या झाडाचं," ती म्हणाली, आणि मग डोळे पुसले.

आखाजीला त्या फांदीचे आंबे पिकले. लहान होते, सालीला सुरकुत्या होत्या. रस वाटीभर निघाला, पण घरचा होता. पुष्पाबाईने घागर भरली, तिच्यावर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, बाजूला दोन आंबे ठेवले आणि नैवेद्याची वाटी रतिलालच्या नावाने मांडली. त्या दिवशी ती सगळ्यांबरोबर जेवली. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या.

मगनचा रोज फोन यायचा. लेकीची खुशाली विचारायच्या आधी तो विचारायचा, "केस उनात का?" म्हणजे खुंटांना पालवी आली का.

"नही उनात, नाना."

पावसाळा लागला. बरा लागला. सगळीकडे हिरवं झालं, उकिरड्यावरसुद्धा. आंबा तसाच. चुना पावसाने धुतला गेला आणि खुंट काळे पडले. फांदीवरच्या पानांचा रंग बदलू लागला. मगन रोज विचारायचा, मग दिवसाआड विचारू लागला, मग विचारेनासा झाला. आता फोन आला की तो थेट पावसाचं बोलायचा, खड्ड्यांचं बोलायचा. एकदा तर म्हणाला, "बाकी काय? बाकी राहू दे." सारिकाला बापाचा तो आवाज अनोळखी वाटला. घरात सासूनेही आंब्याचं नाव काढलं नाही. 

श्रावणात एका सकाळी पुष्पाबाईने तिला हाक मारली. खुंटाच्या बाजूने, सालीतून, तांबूस कोंब फुटले होते. बोटाच्या पेराएवढे, ओले दिसणारे. एकावर नाही, सगळ्या खुंटांवर. पुष्पाबाई एकेक खुंट बघत झाडाभोवती फिरली. फिरत फिरत ती ओसरीकडच्या बाजूला आली आणि थांबली. तिथली फांदी तपकिरी झाली होती. सगळी पानं जागच्या जागी होती.

"नानांना फोन करू?" सारिकाने विचारलं.

"फोन कशाला? येऊ दे की. ये म्हणावं जेवायला."

मगन रविवारी आला. दाढी करून, धुतलेला सदरा घालून, हातात करवतीची पिशवी. बसस्टँडपासून तो काय काय बोलायचं ते जुळवत आला असणार, कारण दारातच त्याने घसा साफ केला. सारिका त्याला मागच्या अंगणात घेऊन गेली आणि मनातल्या मनात देवाला म्हणाली, नानांना आज थोडं कमी सुचू दे.

कोंबांची आता पानं झाली होती. मगन त्यांच्याकडे बघून हसला. मग तो ओसरीच्या बाजूला वळला.

फांदी नव्हती. पुष्पाबाईने आदल्या दिवशी योगेंद्रला शिडी धरायला लावून ती स्वतः कापली होती. शेजाऱ्याची बोथट करवत, साठीतला हात. काप वाकडा गेला होता, एका जागी साल फाटली होती. त्यावर शेणमातीचा लेप होता, बोटांचे ठसे उमटलेला, आणि खाली खोडाला नवा चुना.

पुष्पाबाई ओसरीच्या पायरीवर उभी होती. मागे खुंटीवर टोपी होती तिथेच होती.

"बोला आते," ती म्हणाली. "काय बोलनं शे ते बोली ल्या."

आता बोलून घ्या म्हटलं तर बोलायला पुष्कळ होतं. फांदी ठेवू नका म्हणून त्याने सांगितलं होतं, ते होतं. झाड वाचलं, ते होतं. आणि काप वाकडा होता. दुसऱ्याने कापलेलं वाकडं डोकं बघून मगन आयुष्यात कधी गप्प बसला नव्हता, अनोळखी माणसाला बसमध्ये हटकायचा. सारिका चहाचा कप घेऊन आली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

मगनने वाकड्या कापाच्या कडेवरून अंगठा फिरवला, गिऱ्हाइकाचा कल्ला बघावा तसा. सुटलेली लेपाची एक कड दाबून बसवली. लेकीच्या हातातून कप घेतला, उभ्यानेच चहा प्यायला, कप तिच्या हातात परत दिला. मग पिशवी उचलली, पायात चपला सरकवल्या. जेवायला बसलं की आपलं तोंड सुटणार, हे त्याला ठाऊक होतं. त्याने विहिणीकडे बघून हात जोडले आणि जेवणाची ताटं मांडलेली असताना काही न बोलता दाराबाहेर पडला.