फोटोमास्तरांची तिपाई

फोटोमास्तरांचा हलक्या वस्तूवर विश्वास नव्हता आणि जड वस्तू आता त्यांना उचलवत नव्हती. या दोहोंच्या मध्ये बसणारी कॅमेऱ्याची तिपाई शोधण्यात त्यांची दोन वर्षं गेली आणि माझ्या सगळ्या सुट्ट्या.

मी हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून परभणीला आले, की शेजारून त्यांची हाक यायची. "माय, मुंबईचं क्याटलॉग आलंय. वाच." मी ओसरीच्या कडेला बसून वजन, उंची, पायांच्या घड्या मराठीत सांगत असे. छापलेलं तेवढं मला मोठ्याने बोलता येई.

"हलकी म्हणतेत का मजबूत?"

"दोन्ही."

"दोन्ही म्हणणारा लबाड असतो. पुढची वाच."

त्यांची जुनी तिपाई सागवानी. ती खांद्यावर टाकून त्यांनी गावोगाव फोटो काढले होते. आता गुडघे दुखत. तरी माझ्या हट्टापायी ते ती घेऊन गंगाखेडकडच्या आमच्या आत्याच्या गावी आले. दात गेल्यापासून आत्या फोटोला नाहीच म्हणत असे. अंगणात रोवलेले ते पाय पाहून ती म्हणाली, "मास्तर, एवढी लाकडं? आत्ताच सरण रचायलात का?"

"हसू नका बाई. हललात की गेलं."

आत्या हलली नाही. फोटो मात्र हललेला आला. "तिपाई म्हातारी झाली," मास्तर म्हणाले. "नवी आली की पुन्हा काढू."

मागवलेली नवी तिपाई निजामाच्या हद्दीवर, करोडगिरीच्या म्हणजे जकातीच्या नाक्यावर अडकून, उघडली जाऊन, महिन्याभराने पोचत असे. मग तिची परीक्षा. मास्तर तिच्या माथ्याला पाण्याने भरलेली कळशी टांगत आणि समोर जेवायला बसत. हात धुतल्यावर वाकून जमिनीवर थेंब शोधत. दोन तिपायांनी कळशीसकट बसकण मारली. परत पाठवण्याची इंग्रजी पत्रं मीच लिहिली.

तिसरीने एक थेंब सांडला नाही. मास्तरांनी तिच्यावर कॅमेरा चढवला, मला समोर उभं केलं, भिंगावरची टोपी काढली, तीन आकडे मोजले, टोपी लावली. तोही फोटो हललेला.

"हीबी लटपटी. लिही पत्र."

मी समोरच उभी होते. टोपीशी त्यांची बोटं थरथरताना मी पाहिली होती. त्यांच्या हातातली चहाची बशी कशी वाजते, तेही रोज ऐकत होते. पण वडीलधाऱ्या माणसाला त्याच्याच अंगणात हे कसं सांगायचं? मी पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात.

चौथी नाक्यावर पडून असतानाच आत्या गेली.

पुढच्या सुट्टीत मास्तरांनी ती चौथी मांडली. "लोक बसतेत तसं मी बसून बघतो. टोपी तू काढ." मी काढली, तीन मोजून लावली.

फोटो उमटलेली काच धुऊन त्यांनी उजेडात धरली आणि बराच वेळ पाहत राहिले.

"तिसरीबी चांगलीच होती की गं."

"हो."

"तुला ठावं होतं?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग बोलायचं न्हाई का, माय? आत्या होती तवर बोलायचं."

त्यानंतर त्यांनी क्याटलॉग मागवलं नाही.

आत्याच्या धूसर चेहऱ्याशेजारी तो फोटो मी ठेवला आहे. मास्तरांच्या मिशीचा केस न् केस दिसतो. मांडीवरची बोटं तेवढी हललेली आहेत.