कूलरखालचा डबा

बायकोला नाही, मुलांना नाही, दादाला तर नाहीच नाही — हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमचं-माझं काही नातं नाही. ऐकून नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. मी फार चांगला माणूस आहे असं मी तरी कधी म्हटलं?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुंबईला इंजिनिअर. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. कंपनीनं त्याला ट्रेनिंगसाठी नॉर्वेला धाडलं आणि तिथं त्यानं एक सहल केली. एका दिवसाची — नीट ऐका, एका दिवसाची! सकाळी गाडीनं डोंगर चढायचा, दुपारी बोटीतून फियॉर्ड, म्हणजे डोंगरांच्या मधून आत घुसलेला समुद्र, आणि संध्याकाळी हिमनदीच्या तोंडाशी उभं राहून फोटो. बस. पण त्या मे महिन्याच्या सुरुवातीला तो नागपूरला आला तो स्लाइड्सचा डबा आणि कुणाचा तरी मागून आणलेला प्रोजेक्टर घेऊनच. ती एक दिवसाची सहल त्यानं आम्हाला त्याची रजा संपेपर्यंत पुरवली.

प्रताप नगरातल्या आमच्या घरात रोज संध्याकाळी भिंतीवर पांढरी चादर लागायची. शेजारीपाजारी जमायचे. दादा पट्टी घेऊन मास्तरासारखा सांगायचा — आणि मास्तर तर मी होतो! खापा गावच्या शाळेत, रोज एसटीनं जाऊन-येऊन. वडील गेल्यावर आईचं दुखलंखुपलं मी पाहत होतो, कूलरमध्ये पाण्याच्या बादल्या मी ओतत होतो. ते कुणी कधी चादर लावून दाखवलं?

आईला शेवटची स्लाइड फार आवडायची. निळसर बर्फाला हात लावून दादा उभा. ती उठून चादरीजवळ जायची, त्याच्या तोंडावरून हात फिरवायची आणि दर वेळी मला तेच म्हणायची, “पोट्ट्यानं कानाले काही बांधलं नाही गा.”

एका संध्याकाळी दादा सगळ्यांसमोर मला म्हणाला, “तू काहून गप्प बसून राहिला गा? खाप्याच्या पुढं बी दुनिया असते, सांगितलं नाही का तुले कोणी?” सगळे हसले. हसू देत. पण आईही हसली — पदर तोंडाला लावून, अगदी मनापासून.

ते हसू माझ्या डोक्यात जाऊन बसलं.

दादा प्रोजेक्टर घेऊन परत गेला. डबा मात्र आईनं मागून ठेवून घेतला; दिवाळीला नेईन, तो म्हणाला. मग दुपारी खिडकीशी बसून ती एकेक स्लाइड उजेडाला धरून बघायची.

आता सांगतो. — नाही, आधी हे सांगतो, की आमचा कूलर गळायचा. मागच्या पायाशी कायम डबकं. तिथं कुणी चप्पलसुद्धा ठेवत नसे. आईचं कुरडयांचं काम निघालं, डबा उघडायला तिला फुरसत नव्हती. ती शेजारी गेली असताना मी आलमारीतून डबा काढला, झाकण काढलं आणि त्या गळतीखाली सरकवून ठेवला. रागाच्या भरात केलं म्हणावं, तर पुढे कितीतरी वेळा मी त्याच कूलरमध्ये पाणी ओतलं, डबा बघितला आणि पुन्हा ओतलं. एवढा वेळ राग टिकतो?

झाडताना तो आईला सापडला. “इथं कोणं ठेवला गा?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “तूच ठेवला असशीन.” आणि तिला ते पटलं!

आम्ही मूळचे विणकर. सुताला खळ द्यायची आणि उन्हात ताणून वाळवायचं, यात आईचा जन्म गेला होता. ओलं झालेलं काहीही उन्हात घातलं की वाचतं — दुसऱ्या कशाबद्दल तिची एवढी खात्री नव्हती. तिनं गच्चीवर जुनं लुगडं अंथरलं आणि कुरडयांच्या शेजारी दादाचे डोंगर, समुद्र, बर्फ, सगळं वाळत घातलं. नागपूरचं मे महिन्याचं ऊन! मी जिन्यात उभा राहून बघितलं. खाली आलो आणि जेवलो. संध्याकाळी स्लाइड्स पापडासारख्या वाकल्या होत्या आणि रंगांचा नुसता चिखल झाला होता.

दिवाळीत दादानं डबा उघडला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “आईनं वाळत घातल्या.” यात खोटं काय होतं? एक अक्षर नाही! म्हणून तर ते इतकं नीच होतं. दादा तिच्यावर ओरडला. अडाणी म्हणाला — वहिनीसमोर, शेजाऱ्यांसमोर. ती मान खाली घालून उभी. मी फराळाची ताटली हातात धरून उभा. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं.

दादावरच्या रागानं केलं, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं बजावत आलो. साफ खोटं. दादाचं काय गेलं? तो पुन्हा चार देश हिंडला. डबा आईकडे होता, दुपारी उजेडाला धरून आई बघत होती, आणि हसली होती तीही आईच. त्यानंतर दादानं तिच्या हाती काही दिलं नाही. तिनंही मागितलं नाही. नातवाचा फोटो पुढे केला तरी ती हात मागे घ्यायची आणि लांबूनच बघायची.

ती अंथरुणाला खिळली तेव्हाची गोष्ट. दुपार होती, घरात दुसरं कुणी नव्हतं, कूलर चालू होता. मी तिचे पाय चेपत होतो. तिनं एकाएकी विचारलं, “उन्हात नव्हत्या टाकाले पाहिजे न गा त्या?”

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं.

मी म्हणालो, “नव्हत्या.”