आधी मुकादम पाण्यात

आमच्या सासूबाईंना कुणी "तुम्ही बसा निवांत" म्हटलेलं खपत नाही. मला हे लग्न झाल्या झाल्या कळलं. शेखरला, म्हणजे त्यांच्या पोटच्या पोराला, अजून कळलेलं नाही.

सासूबाईंचं नाव कुसाबाई. दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत त्या बायकांच्या टोळीच्या मुकादम आहेत. घड विरळायचे असोत की काढणी, पिकअपमध्ये बायका भरून न्यायच्या, कामाला लावायच्या आणि वेळ पडली तर बागायतदाराशी भांडायचं, हे सगळं त्यांच्याकडे. हंगाम संपला की बागायतदार टोळीला जेवण देतो. यंदा त्यानं विचारलं, काय करू? तर टोळीतली चैताली म्हणाली, "जेवण नको, वॉटर पार्कला न्या." बाया पोट धरधरून हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

"आधी मी जाऊन येते," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटलं तर समद्या जाऊ. नाय तर पुरणपोळी."

म्हणून मेमधल्या ज्या रविवारी आम्ही मुलांना घेऊन वॉटर पार्कला निघणार होतो, त्याच्या आदल्या संध्याकाळीच सासूबाई गावाहून सिडकोतल्या आमच्या फ्लॅटवर हजर. शेखर मनातून खूश झाला. आई पिशव्या सांभाळेल आणि आपण मोकळे, असा त्याचा हिशोब. खोटं कशाला बोलू, मलाही तो सोयीचा वाटला होता.

पार्कात शिरल्याबरोबर त्यांनी पाहणी सुरू केली. बायकांच्या कपडे बदलायच्या खोल्यांच्या कड्या एकेक लावून पाहिल्या. एक सैल निघाली, तर तिथल्या बाईला फैलावर घेतलं, "आत बाई असली आन् दार उघडलं म्हंजी?" ती बिचारी पळत जाऊन कुणाला तरी बोलावून आली. मग सासूबाई कॉस्च्यूमच्या काउंटरवर गेल्या.

"आई, तू कशाला भिजतेस?" शेखर म्हणाला. "तू बस ना सावलीत."

"मला काय राखणीला आनलंय का?"

त्या कॉस्च्यूम घालून आल्या, पण वरून साडी तशीच नेसलेली. पाण्यात पाय घालायच्या आत शिट्टी वाजली. तिथली गार्ड मुलगी धावत आली. "आजी, साडी नाही चालत."

"आत घातलाय की तुमचा कपडा."

"साडी पायात गुंतते, आजी. घसरगुंडीवर तर अजिबात नको."

मला वाटलं, आता हिची धडगत नाही. पण सासूबाईंना पटलं. फवारणीच्या मशीनजवळ कुणाचा पदर सुटलेला दिसला तर त्याच तिला हाकलून लावतात. त्या मुकाट्यानं साडी सोडायला गेल्या. गेल्या त्या गेल्याच. बाहेर येईनात, तेव्हा मी आत गेले.

त्या दाराआड अंग चोरून उभ्या होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

"योगिनी, अंग लय दिसतं गं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मलाच असं होतंय, तर बायांना कोन्या तोंडानं आनू?"

चैतालीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. गेली टोळीची सहल, असंच वाटलं. तेवढ्यात दाराच्या फटीतून सासूबाईंना शेखर दिसला. अंबडच्या कंपनीतल्या क्रिकेट टीमची नायलॉनची ढगळ जर्सी घालून तो आमच्या थोरल्या वेदिकाच्या मागे पळत होता.

"त्याचा शर्ट आन," त्या म्हणाल्या.

आमच्याकडे बागेत काम करताना बायका साडीवरून नवऱ्याचा नाही तर पोराचा जुना शर्ट चढवतात. तो अंगावर असला की बाई कुणासमोरही बिनधास्त वावरते. शेखरनं कुरकुर केली, पोट आत ओढलं आणि जर्सी काढून दिली. गार्डनं कापड चिमटीत धरून पाहिलं आणि मान डोलावली. मग सासूबाई निघाल्या, त्या टोळीच्या पुढे चालतात त्याच चालीनं.

मोठ्या घसरगुंडीवर वेदिका घाबरून जिन्यातच अडून बसली. सासूबाईंनी तिला मांडीत घेतलं आणि दोघी बोंबलत खाली आल्या. मग परत गेल्या. लाटांच्या तलावात तर त्यांनी मुकादमीच सुरू केली. कडेला घुटमळणाऱ्या अनोळखी बायकांना म्हणाल्या, "ए बाई, पुढं ये, काय व्हत नाय!" आणि बायका खरंच पुढे आल्या. केस मोकळे, तोंड उघडं टाकून हसणं. मी धाकट्या साईला घेऊन काठावरच्या बाकड्यावरून बघत होते. त्याला दूध हवं होतं, मग शू, मग बिस्कीट, मग हरवलेली चप्पल. मला फार आनंद झाला, आणि थोडा हेवाही वाटला.

परतताना मुलं गाडीत झोपली. सासूबाईंनी चैतालीला फोन लावला.

"जायचं. समद्यांनी. वरून घालायला ढगळे नायलॉनचे शर्ट घ्या."

"लेकरं आनायची का?" पलीकडून चैतालीनं विचारलं.

"नाय. लेकरं बापापाशी. लेकरं संगं असली की बाई नुसती टावेल धरून हुभी ऱ्हाते."

"मंग बागेच्या मालकाला किती जनी सांगू?"

"टोळी समदी. आन् वर एक, आमची योगिनी. ती आज आलती, पन भिजली नाय."

मी खाली पाहिलं. माझा ड्रेस खरंच कोरडा होता. अख्खा दिवस पाण्याच्या काठावर काढून मी तशीच घरी चालले होते, आणि ते शेखरच्या नाही, माझ्याही नाही, फक्त त्यांच्या लक्षात आलं होतं.