मानेखालचा साहेब

जेथ्रो टॅप माझा सख्खा धाकटा भाऊ. इंग्लंडातल्या अख्ख्या बाथ गावात त्याच्यासारख्या पोटऱ्या दुसऱ्या कुणाच्या नाहीत. असल्याच तर माझ्या. आम्ही दोघं मेणा वाहतो, पुढं मी, मागं तो. इथल्या चढावर घोडे बसतात, टॅप बसत नाहीत.

पिनॉक चित्रकाराकडं रीत अशी, की बडी माणसं फक्त तोंड दाखवायला येतात आणि कपडे ठेवून जातात. ते दुसऱ्या कुणावर तरी चढवायचे आणि मानेखालचं सगळं त्याच्यावरून काढायचं. सर पेरेग्रिन आमच्याच मेण्यातून फिरणारे, पण पाय बगळ्याचे, म्हणून त्यांच्या मानेखाली आमचा जेथ्रो! अट एकच, कुणापाशी बोलायचं नाही.

जेथ्रो बोललाच. सरसाहेबांची स्वयंपाकीण डॉर्कस, तिच्यावर त्याचा जीव.

"तू? साहेबाच्या जागी?" ती म्हणाली. "थापा मारायला तुझा थोरला पुरे नव्हता का? खरं करून दाखव, नाहीतर लग्नाचं नाव काढू नकोस!"

थोरला म्हणजे मी. असो.

रंग लावायच्या आधी खडूनं काढलेलं चित्र सरसाहेबांच्या घरी पसंतीला न्यायचं होतं. चुरगळू नये म्हणून आम्ही ते मेण्यात बसवून नेलं. पिनॉक बरोबर चालत होता.

"माझेच पाय! हुबेहूब!" सरसाहेब फुलले. मग डोळे बारीक केले. "पण डाव्या पोटरीवर हा वण कसला?"

पिनॉक दिसेल ते काढणारा माणूस. "तो... म्हणजे... तो..."

"अरे हो!" सरसाहेबच म्हणाले. "लढाईतली जखम! विसरलोच होतो."

चहा घेऊन आलेली डॉर्कस चित्रातल्या वणाकडं वाकून बघायला लागली. परसातला, नाताळासाठी पोसलेला हंस जेथ्रोच्या त्याच पोटरीला कडकडून चावला होता, तेव्हा व्हिनेगरची पट्टी तिनंच बांधली होती. पण ती ओठ चावून, जेथ्रोकडं न बघताच आत गेली. जेथ्रोचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरसाहेब डावा पाय ओढत मेण्यापाशी आले. "थंडीत जखम ठणकते रे," म्हणत आत बसले. दार लागलं, आम्ही मेणा उचलला, तशी डॉर्कस स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकली.

"जेथ्रो, त्या शत्रूला मी नाताळात भाजणार आहे. पहिला घास नवरा म्हणून तू खायचा!"

जेथ्रोनं अशी उडी मारली, की सरसाहेबांचा केसांचा टोप पुढच्या काचेवर जाऊन चिकटला.