हळदीच्या खळ्यावरचं टेनिस

उंब्रजला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेली पाण्याची मोटार घेऊन आलेला माणूस तिच्यात नवी तार भरून होईपर्यंत बसतो, चहा घेतो आणि विचारतो, "काय म्हणतंय पोरीचं टेनिस?" मी एक किस्सा सांगायला जातो, त्याला चिकटून दुसरा येतो. मोटार तयार होते, तरी गिऱ्हाईक हलत नाही.

माझी लेक प्राची आता प्रोफेशनल खेळते. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला, ओंकारला, शिकवलं त्यांच्या आईनं. म्हणजे माझ्या बायकोनं, नंदानं. नंदा हायस्कूलला खेळाच्या बाई. स्वतः खो-खो खेळलेली. टेनिस ती मोबाइलवर बघून शिकली, तेही आवाज बंद करून. आवाज का बंद, असं मी विचारलं, तर म्हणाली, "ती माणसं लय बोलत्यात. पाय बघू देत न्हाईत."

*

सराव चालायचा माझ्या थोरल्या भावाच्या सिमेंटच्या खळ्यावर. तिथं हळद वाळत घालतात. भावानं जागा दिली, पण बजावलं, "हळद आली की टेनिस बंद." नंदा कसली बंद करतेय. हळद एका बाजूला लोटायची आणि उरलेल्या जागेत पोरांना पळवायची. बॉल हळदीत गेला की वहिनी घरातनं ओरडायच्या.

तिथूनच आम्ही पुण्याला पहिल्या स्पर्धेला गेलो. प्राचीचे पांढरे कपडे, बूट, मोजे, सगळं पिवळं. समोरच्या मुलीच्या आईनं गॉगल वर केला आणि गोड आवाजात विचारलं, "घरात लग्न वगैरे आहे का हो?"

नंदा म्हणाली, "व्हय. हळद आमच्या पोरीला लागलीय. पाठवणी तुमच्या पोरीची हाय."

मी कँटीनमधून चहा घेऊन येईपर्यंत पाठवणी झाली होती.

*

सांगलीच्या स्पर्धेत मी सावलीला बसलो होतो. नंदा घामाघूम होऊन प्राचीला सर्व्हिस करून दाखवत होती. एवढ्यात भारी टोपी घातलेले एक पालक येऊन माझ्या शेजारी बसले. तिच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "सर, तुमची पोरगी टिकते कशी? सिक्रेट सांगा."

मी म्हटलं, मला टेनिसमधलं फक्त जाळं ओळखता येतं. त्यांना तो नम्रपणा वाटला. फारच मागं लागले, तेव्हा मला जे येतं ते सांगितलं. "लोड एकदम टाकायचा न्हाई. बेअरिंग गरम होऊ द्यायचं न्हाई. आणि आवाज बदलला की लगेच बंद करायचं."

पुढच्या स्पर्धेत त्यांचा मुलगा जिंकत आला होता. फटका मारताना तो जरा वेगळा कण्हला. वडिलांनी भर मॅचमधून त्याला बाहेर काढला.

*

ओंकारचं तंत्र बहिणीपेक्षा चांगलं होतं, हे नंदाच सांगते. त्याला कधी सांगितलं नाही. पाहुणे यायचे ते मात्र नंदाला समजवायचे, "पोराकडं ध्यान द्या. पोरगी काय, आज ना उद्या परक्याची." नंदा त्यांना चहा द्यायची आणि पोरीला घेऊन खळ्यावर जायची.

एक दिवस ओंकार आईला म्हणाला, "तू मला एकदा छान म्हण. मग मी खेळतो."

नंदानं खरंच विचार केला. त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाली, "मोजे छान हायत."

ओंकार आता फिजिओथेरपी शिकतोय. मोजे अजून नीटनेटके घालतो.

*

प्राचीनं परदेशात पहिली मॅच जिंकली तेव्हा गावात सत्कार ठरला. चौकात मोठा फ्लेक्स लागला. वर पुढारी, खाली पुढारी, मध्ये रॅकेट घेतलेली प्राची, आणि कोपऱ्यात मी. खाली लिहिलेलं, 'मार्गदर्शक पिता'. नंदाचा फोटो नव्हता.

स्टेजवर तिलाही बोलावलं, औक्षणाला. ताट हातात घेऊन ती उभी राहिली. मी माइक घेतला आणि सांगितलं, शिकवलं ते हिनं, मी फक्त गाडी चालवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष उठले आणि म्हणाले, "बघा, किती मोठ्या मनाचा माणूस. सगळं श्रेय बायकोला देऊन टाकलं."

नंदानं मग मलाही ओवाळलं. हळूच म्हणाली, "घ्या, मोठ्या मनाचं."

*

मागच्या वर्षी प्राची जेवताना म्हणाली, "आई, मला आता तू कोच नको."

नंदाच्या हातात भाताचा चमचा होता. भात वाढून झाल्यावर तिनं विचारलं, "मग कोण?" प्राचीनं पुण्याच्या एका सरांचं नाव सांगितलं. "बरं," एवढंच नंदा म्हणाली. त्यानंतर बरेच दिवस ती संध्याकाळी खळ्याकडं जायची आणि नुसतीच परत यायची.

नव्या सरांबरोबरच्या पहिल्या मोठ्या मॅचला आम्ही दोघं प्रेक्षकांत बसलो. नंदाचे हात सारखे वर यायचे, ती ते पदराखाली दाबून धरायची. मला म्हणाली, "आवं, एवढंच? नुसतं बघत बसायचं?"

प्राची पहिला सेट हरली. दुसऱ्यातही मागं पडली. मधल्या वेळात सर कडेला उभे राहून तिला इंग्रजीत बरंच काही सांगत होते. ती ऐकता ऐकता त्यांच्या खांद्यावरनं आमच्याकडं बघायला लागली. मला वाटलं, आता नंदा पाय हलव म्हणून ओरडणार.

नंदा उभी राहिली आणि म्हणाली, "प्राचे, जेवलीस का गं?"

सगळी गॅलरी हसली. प्राचीनं टॉवेल तोंडावर धरला आणि बराच वेळ काढलाच नाही. शेवटी अंपायरनं तिला हाक मारली. मग ती उठली, तो सेट घेतला, आणि पुढचाही.

मॅच संपल्यावर सर धावत वर आले. "मॅडम, तो तुमचा कोडवर्ड होता का?"

नंदा प्राचीसाठी आणलेल्या डब्याचं झाकण लावत होती. म्हणाली, "व्हय सर. पण तुमाला न्हाई जमायचा."