बिनचिठ्ठीचा डबा

तासगावचे बेदाणे भिजवले की त्या वासाबरोबर मला सांगलीतली आमच्या गल्लीची बेकरी आठवते. नाताळाआधी आई केकचं पीठ डब्यांत भरून तिथल्या भट्टीत भाजायला न्यायची. डब्यांवर नावांच्या चिठ्ठ्या असत. कुणी चर्चमधल्या आजारी आजी, कुणी वसतिगृहातली अनाथ रूथ. घरच्या डब्याला मात्र चिठ्ठी नसे. आई अख्ख्या गावाची, आणि माझ्या नावाची साधी चिठ्ठीही नाही! त्या वर्षी मी रूथची चिठ्ठी उपटून तिथं माझी डकवली.

बेकरीवाले चाचा म्हणाले, "आवं बाई, औंदा रूथचा डबा न्हाई व्हय?"

आईनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. "हाय की. तिला ह्यो बिनचिठ्ठीचा." मग हळूच मला म्हणाली, "चिठ्ठी परक्याला लावत्यात गं, घरच्याला न्हाई."

मला तेव्हा जिंकल्यासारखंच वाटलं.

आई गेली. आता ते डबे रूथ भरते, आजाऱ्यांकडेही तीच जाते. काल साताऱ्याला माझ्याकडे तिचा केक आला. डब्यावर, आईसारख्याच अक्षरात, माझ्या नावाची चिठ्ठी होती.

केक कापण्याआधी मी ती नखानं खरवडून काढली.