या आकड्यांचा अर्थ काढा

गेल्या रविवारी जे. पी. नगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये इडली खाता खाता वैशालीने जाहीर केलं, की ती कोर्स सोडतेय.

वैशाली माझी फ्लॅटमेट, निपाणीची. कस्टमर सपोर्टमध्ये आहे, म्हणजे दिवसभर हेडफोन लावून लोकांच्या शिव्या ऐकते. पुढच्या महिन्यात कंपनीत डेटा टीमसाठी परीक्षा आहे... पास झाली तर तो फोन सुटेल. त्यासाठी ती स्टॅटिस्टिक्सचा एक मोफत ऑनलाइन कोर्स करत होती. व्हिडिओ इंग्रजी, खाली मराठी सबटायटल्स.

"फुकटचं आहे, सोडलं तर कोण विचारतंय?" खरं आहे. अशा कोर्सला नाव नोंदवणं सोपं, सोडणं त्याहून सोपं.

समजूत घालणं मला जमत नाही. कुठे अडलं ते दाखव, म्हटलं.

एका दुकानाच्या वर्षभराच्या विक्रीचे आकडे होते. खाली सूचना... 'या आकड्यांचा अर्थ काढा.' वैशालीने काढला होता. 'दिवाळीत खप वाढतो.' चूक. 'पावसाळ्यात गिऱ्हाईक येत नाही.' चूक. 'मालकाने उन्हाळ्यात माल कमी भरावा.' तेही चूक.

मी मूळ इंग्रजी वाक्य बघितलं. शब्द होता 'मीन'. भाषांतर मशीनने केलं होतं आणि सरासरीचा 'अर्थ' झाला होता.

"ॲव्हरेज पाहिजे होतं व्हय? ते तर मी झोपेत काढते की!" तिने लॅपटॉप ओढून घेतला. उत्तर बरोबर आलं.

कोर्स खुला असल्यामुळे सबटायटल्स कुणालाही दुरुस्त करता येतात. मी शाळेच्या पुस्तकातला 'मध्य' हा शब्द घालून दुरुस्ती पाठवली. स्क्रीनवर सूचना आली, की दुसऱ्या मराठी जाणणाऱ्याने तपासल्याशिवाय बदल दिसणार नाही. तपासणाऱ्यांची यादी उघडली... रिकामी. सगळ्यांसाठी खुला कोर्स, आणि मराठीत तपासायला एकही माणूस नाही.

मी लॅपटॉप परत वैशालीकडे वळवला.

"मी? मी सोडलाय की कोर्स."

"मराठी येणं एवढीच अट आहे."

"आमच्या निपाणीच्या मराठीला हसता, आणि आता तपासा म्हणता, पुणेरी मॅडम?"

"मी कधी हसले?"

"मनात हसतीस."

मी नोंदणीचं पान उघडून दिलं.

तिने नाव नोंदवलं आणि पहिलं काम काय केलं, तर माझीच दुरुस्ती नामंजूर. "'मध्य' म्हटलं की मधला आकडा वाटतो. सरासरी लिही, सरळ." मी लिहिलं. तिने मंजूर केलं, वर कानडीत "सरी", म्हणजे 'ठीक', म्हणाली.

गंमत अशी, की पुढची सबटायटल्स तपासायची तर पुढचा व्हिडिओ बघावाच लागतो. रोज ऑफिसातून आल्यावर ती एक बघते, मला चुका दाखवते. परीक्षेचं काय होईल, माहीत नाही...

कोर्स सोडायचा विषय तिने परत काढलेला नाही. मीही त्याचा काही अर्थ काढलेला नाही.